पिवळ्याच राहिलेल्या नळ्या

वहिनीला त्या डॉक्टरांकडे मीच नेलं. पुढे घरात ते कुणी कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून ते जास्तच सलत राहिलं.

पन्नास सालानंतरची गोष्ट. घाटकोपरला दोन खोल्यांत आम्ही राहत होतो : दादा, वहिनी, त्यांची मुलगी आणि मी. इंटर सायन्स करून मी शहरातल्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत लागलो होतो. तिथले एक डॉक्टर जठराच्या जुनाट सुजेवर संशोधन करत होते. ही सूज वेळेवर ओळखता येईल का, आणि अशा माणसांपैकी पुढे कॅन्सर कुणाला होईल हे आधी सांगता येईल का, हा त्यांचा ध्यास. त्यासाठी त्यांना वर्षानुवर्षं पोटाची तक्रार असलेली माणसं हवी होती. तसं माणूस माझ्या घरातच होतं. वहिनी चार घास खाल्ले की ताट सरकवायची. पोट जड व्हायचं, मळमळायचं. नाक्यावरचे डॉक्टर सोड्याचं मिक्श्चर द्यायचे. "सगळ्यांना वाढतेस, तुलाच कसं गं जात नाही?" दादा हसून म्हणायचा.

"मोठे डॉक्टर आहेत वहिनी, नीट तपासतील," मी म्हणालो.

"तुम्ही असाल ना तिथे, भावजी? मग येते."

उपाशीपोटी बारीक रबरी नळी गिळायची, मग पेज प्यायची आणि दर पंधरा मिनिटांनी त्या नळीतून पोटातला रस काढायचा, अशी ती तपासणी. नळी घशाला लागली की माणूस ओकायला लागतो. वहिनीने दोनदा ती ओकून टाकली. समोर पाच-सहा विद्यार्थी उभे. पदराने तोंड पुसून ती म्हणाली, "परत द्या." आपण माघार घेतली तर माझी नाचक्की होईल, असं तिला वाटत होतं.

तो रस मीच तपासला. त्यात एका औषधाचे दोन थेंब टाकले की आम्ल असेल तर लाल रंग येतो, नसेल तर पिवळा. वहिनीच्या सगळ्या काचनळ्या पिवळ्या. आम्ल सुटावं म्हणून इंजेक्शन दिलं, तरी पिवळ्याच. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी दुसऱ्या, जाड नळीने जठराच्या अस्तराचा कणभर तुकडा ओढून काढला. सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला तेव्हा ते खूश दिसत होते. "ब्यूटिफुल केस," म्हणाले.

मग वहिनीच्या समोरच त्यांनी विद्यार्थ्यांना इंग्रजीत समजावलं. अस्तर झिजून पातळ झालंय. अशा पोटात कॅन्सर होण्याची भीती इतरांपेक्षा जास्त. सगळ्यांनाच होतो असं नाही, पण नजर ठेवायला हवी. वहिनी खाटेच्या कडेला बसून एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. घाबरली की तिच्या तोंडी मालवणी यायची.

"भावजी, काय म्हणतत ते? माका काय झालाहा?"

"काही नाही. आम्ल कमी आहे म्हणे. जेवताना लिंबू पिळून घ्या."

ती घाबरेल म्हणून मी खोटं बोललो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे पेशंटला काय सांगायचं ते डॉक्टर ठरवणार, असा तिथला दंडक होता आणि मला नोकरीत कायम व्हायचं होतं.

दर सहा महिन्यांनी तिला आणायचं ठरलं होतं. ती दोनदा आली. तिसऱ्या वेळी दादा म्हणाला, "नळ्या गिळायला लावतात, औषध काहीच नाही. पुरे झालं." मी आग्रह धरला नाही. पाठोपाठ डॉक्टर शिष्यवृत्ती मिळून परदेशी गेले. त्यांच्या जागी आलेल्यांनी ते काम बंद केलं.

दोन वर्षांनी वहिनीला काळी उलटी झाली. बेरियमचं पांढरं औषध पाजून पोटाचा एक्स-रे फोटो काढला. सर्जनने पोट उघडलं, कॅन्सर पसरलेला पाहिला आणि काहीच न करता शिवून टाकलं. नंतर ती जेमतेम अडीच महिने जगली. शेवटी पाण्याचा घोटही ठरत नव्हता. तरी मी खोलीत आलो की विचारायची, "जेवलात, भावजी?"

ती गेल्यावर महिन्याभराने मी दादाला सगळं सांगितलं.

"तिला इंग्रजी कळत नव्हतं," तो म्हणाला. "तुला कळत होतं ना?"



त्याच सुमारास प्रयोगशाळेच्या पत्त्यावर डॉक्टरांचं पत्र आलं. ते आपला जुना अभ्यास लिहून काढत होते. त्या केसचं पुढे काय झालं, कळवावं. मृत्यू झाला असल्यास तपासणीसाठी जठर काढून राखून ठेवलं आहे का, तेही कळवावं. माणूस म्हणून ते वाईट नव्हते. पत्राच्या शेवटी माझ्या प्रकृतीचीसुद्धा चौकशी होती.

मी इंग्रजीतच दोन ओळी लिहिल्या. पेशंट कॅन्सरने वारली. जठर राखलेलं नाही. त्यांचं उलट उत्तर आलं, त्यात आभार होते.

त्यानंतर मी मुलुंडला खोली घेऊन वेगळा झालो. निघताना पुतणी दारात उभी राहून रडत होती. दादाने ट्रंक खाली उतरवायला हात लावला, पण 'जाऊ नकोस' म्हणाला नाही.