रामबनला निघालेली गाडी

दादा गेल्याचा निरोप दादाच्याच गाडीतून आला. मी नुकतीच शाळेतून येऊन तव्यावर भाकरी टाकली होती आणि दारात हॉर्न वाजला. रेडकू हंबरावं तसला तो घोगरा हॉर्न साऱ्या सांगलीत दुसऱ्या कुणाचा असणं शक्यच नव्हतं. "अहो, निघाले बघा एकदाचे!" असं ह्यांना ओरडून सांगत मी पिठाच्या हातांनी बाहेर पळाले. दादानं मला शब्द दिला होता... ज्या दिवशी काश्मीरला निघेन त्या दिवशी आधी उलटा सांगलीला येईन, तुला गाडी दाखवीन, तुझ्या हातचा चहा पिईन आणि मगच उत्तरेला तोंड करीन. पण गाडीत दादा नव्हता, वहिनीही नव्हती. स्टेअरिंगवर आमचा चुलतभाऊ बापू बसला होता आणि मागं हळदीची पोती रचलेली होती. बापू खाली उतरला, टोपी काढून हातात घेतली. "आक्का, दादा गेला गं सकाळी," म्हणाला. दादा गाडीखालून बाहेर आला, हात पुसले, वहिनीकडं पाणी मागितलं, आणि ती तांब्या घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी पायरीवर मट्‌कन बसले. बापू घसा खाकरून म्हणाला, "तुमी आवरा तवर. पोती कालच भरून ठिवली हुती, तेवढी मार्केट यार्डात टाकून आलोच."

गेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द लिहायची रीत आहे. लिहीन की. माझा दादा लाखात एक होता. पण महिना होत आला तरी माझ्या डोक्यातला राग काही उतरत नाही, आणि राग पोटात ठेवून गोड गोड लिहिणं मला जमायचं नाही. दादा असता तर म्हणाला असता, "सुमे, मास्तरीण झालीस पन तोंड काय सुदारलं न्हाई तुजं." नाहीच सुधारलं!

दादा म्हणजे हणमंत, माझा थोरला भाऊ. कराडजवळ नदीकाठी आमचं गाव. घरटी एक माणूस पलटणीत आणि बाकीचे उसात, असा तिथला हिशेब. दादा मिलिट्रीत ड्रायव्हर होता, हवालदार होऊन बाहेर पडला. नोकरीतली बहुतेक वर्षं त्यानं जम्मू ते श्रीनगर ह्या एकाच रस्त्यावर रेशनच्या गाड्या चालवण्यात काढली. त्या वाटेवर रामबन म्हणून एक ठिकाण आहे, तिथं त्यांचा मुक्काम पडायचा. सुट्टीवर आला की ह्याच्या तोंडी सारखं रामबन. तिथली थंडी, खाली घोंघावणारी नदी, दरड कोसळून गाड्या अडकल्या की तीन दगडांच्या चुलीवर शिजवलेला भात... हौसावहिनी हे सगळं भाकऱ्या थापता थापता ऐकायची. लग्न होऊन आली तेव्हापासून ती बिचारी सासू-सासरे, म्हशी आणि ऊस ह्यांतच होती. पोटी मूल नाही, नवरा वर्षाकाठी दोन महिने घरी. एकदा तिनं भाकरी थापायची थांबवली आणि म्हणाली, "आवं, मला एकदा ते रामबन दावा की. आपला मानूस वर्साचं धा म्हैनं जितं ऱ्हातोय, ती जागा बायकुनं बगाया नगं व्हय?"

दादा म्हणाला, "दावतो. पेन्शनीत आलो की दावतो. पन रेल्वेनं न्हाई हां! रेल्वेतनं काय दिसतंय? माज्या गाडीतनं, त्याच रस्त्यानं, मी जितं जितं थांबायचो तितं थांबत." वहिनी पदरात तोंड लपवून हसली. मी तिथंच चुलीपाशी बसले होते. तिला तसं हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही.

बांगलादेशची लढाई संपली आणि पुढच्याच वर्षी दादा घरी आला. आल्या आल्या पुण्याला लिलावात जाऊन त्यानं मिलिट्रीनं मोडीत काढलेली एक पिकअप उचलली. जीपहून मोठी, ट्रकहून लहान, मागं उघडा हौदा, हिरव्या रंगाचे पोपडे सुटलेले. गावानं लगेच तिचं बारसं करून टाकलं, 'मिलिट्री'. अंगणातल्या लिंबाखाली ती उभी राहिली आणि दादा तिच्या खाली आडवा झाला तो झालाच. इंजिन उतरवून पुन्हा बांधलं. चढाला तापू नये म्हणून मोठा रेडिएटर आणला. खडकाळ रस्त्यावर बसू नये म्हणून चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांत जादा पानं घातली. हौद्यावर लोखंडी कमानी उभारून जाड ताडपत्री चढवली. उन्हाळ्यात वाटेत पाण्याचे हाल होतात म्हणून केबिनच्या पाठीमागं भलीमोठी टाकी बसवली. आत एका अंगाला निजायला लांब फळी आणि दुसऱ्या अंगाला वहिनीचं स्वयंपाकघर, म्हणजे एक लाकडी पेटी, तिच्यात स्टोला, तांदळाला, मिसळणाच्या डब्याला वेगवेगळे कप्पे. ही पेटी वहिनीनं सुताराच्या डोक्यावर उभं राहून करून घेतली. "गाडी कितीबी आदळू द्या, हळद मिठात जाता कामा न्हाई," असं त्याला बजावलं. त्या दिवसांत वहिनीचा चेहरा बघावा... नव्या नवरीसारखी दिसायची.

दादाची चूक एवढीच झाली की त्यानं गाडी फार चांगली बांधली. रामबनसाठी त्यानं जे जे केलं, ते ते गावाच्या कामाला अगदी मापानं बसलं! गाडी तयार झाली आणि बहात्तरचा दुष्काळ आला. आमचं आजोळ माण तालुक्यातलं, मेंढरं राखणारी माणसं. तिकडच्या विहिरींनी तळ दाखवला. मामाचा मुलगा आला, त्यानं अंगणात उभ्या गाडीकडं पाहिलं, त्या टाकीकडं पाहिलं, आणि पुढं काही बोलायची गरजच पडली नाही. पाऊस पडेपर्यंत दादा तिकडच्या वाड्यांवर पाणी ओढत राहिला. वहिनीच म्हणाली, "जावा तुमी, रामबनला काय तहान लागली न्हाई." तिथं माझंही तोंड बंद होतं. माणसं आणि जनावरं तडफडत असताना काश्मीर कसलं बघायचं?

पण दुष्काळ सरला की हो! नदीला पाणी आलं, उसाला पाणी आलं, आणि मग सुरू झालं ते कधी थांबलंच नाही. "मिलिट्री मोकळी हाय का, दादा?" हे वाक्य ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. निजायची फळी आहे, मग अडलेल्या बाईला कराडला न्यायला दुसरी गाडी कशाला? ताडपत्री आहे, मग वऱ्हाड उन्हातून कशाला जाईल? पाट्यांत जादा पानं आहेत, मग उसाचं बेणं, खत, गूळ, सगळं ह्याच गाडीत. वऱ्हाड किंवा पोती न्यायची झाली की आधी वहिनीची पेटी उतरवायची. ती ओसरीवर यायची, काम झालं की पुन्हा वर चढायची, पुन्हा खाली. शेवटी शेवटी ती वर चढवायचंही कुणी मनावर घेईना. एकदा मी गेले तर मिसळणाच्या डब्याच्या कप्प्यात कोंबडी अंडी उबवत बसलेली. मी ओरडले तर वहिनी म्हणते कशी, "बसू द्या वन्सं, तिला तरी उपेग झाला."

एका वर्षी मात्र सगळं जुळून आलं होतं. पाडवा करून निघायचं पक्कं झालं. वहिनीनं साताऱ्याहून लोकरीचा स्वेटर आणवला होता, जन्मातला पहिला. तो अंगात घालून ती त्या उन्हाळ्यात घामाघूम होऊन मला दाखवत होती आणि आम्ही दोघी हसून हसून बेजार झालो होतो. मी मुद्दाम निरोप द्यायला माहेरी आले होते. मग मीच म्हटलं, आता सांगलीचा वळसा नको, थेट वाटेला लागा. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सामान भरत असताना बापू आला. त्याच्या मेव्हण्याचं लग्न, ठरवलेल्या ट्रकवाल्यानं ऐनवेळी पाठ फिरवलेली. "दादा, तीनच दिस. मग तुमी आन तुमचं काश्मीर." दादानं वहिनीकडं पाहिलं. वहिनीनं खाली पाहिलं. आणि दादा म्हणाला, "ने."

"दादा," मी बापूच्या देखतच ओरडले, "नाही म्हणताना तुझ्या जिभेला काटे टोचतात का रे?"

"आगं, भावकीत ऱ्हायाचं हाय, सुमे. रामबन काय पळून जातंय व्हय?"

वहिनीनं वळकट्या खाली उतरवल्या. तीन दिवसांनी गाडी आली ती मागचा एक्सल मोडून, दुसऱ्या गाडीला बांधून ओढत. तो दुरुस्त होतो तोवर बेण्याची घाई, मग पावसाळा. स्वेटर डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत गेला.

त्या पावसाळ्यात मी दादाला गाठलं. तो गाडीखाली होता, मी चाकापाशी उकिडवी बसले आणि म्हटलं, आज मला उत्तर हवं. लढाईवर जाऊन आलेला माणूस तू, तुला बापूची भीती कसली वाटते? पाना फिरवता फिरवताच खालून दादा म्हणाला, "बाबा गेलं तवा मी कुटं हुतो, सुमे? रामबनला. तार मिळून घरी यीस्तवर तेरावं झालं हुतं. बाबाला खांदा दिला बापूनं. माज्या उसाला पानी दिलं बापूच्या बानं. माज्या मागं ह्या भावकीनं माजं घर उबं ठिवलं. आता मी कुटल्या तोंडानं न्हाई म्हनू?"

मला गलबलून आलं, खोटं कशाला सांगू. पण रागही तेवढाच आला. "आणि वहिनी?" मी म्हटलं. "तिनं काय केलं मग इतकी वर्षं? घर तिनं नाही उभं ठेवलं? सगळ्यांचं फेडायचं आणि तिचं तेवढं राहू दे, असं का?" पान्याचा आवाज थांबला. मी वाट पाहून पाहून आत निघून गेले. आमच्यात ह्या विषयावर पुन्हा बोलणं झालं नाही. दर वर्षी पाडवा यायचा, दादा इंजिनाला हात घालायचा, पाट्यांना तेल पाजून ठेवायचा, म्हणायचा, "ह्या साली नक्की."

तेरावं झाल्यावर मी वहिनीला म्हटलं, मे महिन्याच्या सुट्टीत आपण दोघी जाऊ. रेल्वेनं जम्मूपर्यंत आणि पुढं बसनं. मी सगळं बघते, तू फक्त चल. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर 'बघू' म्हणेल. तिनं शांतपणे माझा हात हातात घेतला. "वन्सं, रामबन हाय की तितंच," म्हणाली. "पन तितं उतरून मी बगू काय? डोंगूर? डोंगूर आपल्याकडं बी हायती. ह्या दगडाव बसून मी चा प्यायचो, हितं मला तुजी लय याद यायची... ह्ये सांगनारा कुटनं आनू?"

गेल्या रविवारी पुन्हा गावी गेले होते. घरात वहिनी दिसेना. बाहेर येऊन बघते तर ही बाई लिंबाखाली मिलिट्रीत बसलेली. ड्रायव्हरच्या शेजारच्या जागेवर, दार लावून घेतलेलं, मांडीवर सूप आणि सुपात तांदूळ. रोज दुपारी तिथंच बसते म्हणे. मी लिंबाच्या पारावर टेकले. एवढ्यात बापू आला, खांद्यावर रिकामी पोती टाकून.

"वैनी, गाडी लागत हुती. खत आनायचं हुतं, एकच खेप."

वहिनीनं सुपातून मान वर केली नाही. "मी बसलीया," म्हणाली.

"बसा की. घाई न्हाई. तुमचं झालं की..."

"न्हाई, बापू. मी बसलीया."

बापूनं माझ्याकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं, मान खाजवली. आता हा काय बोलणार, भावकी काढणार, की तोंड फिरवून जाणार? "बरं," बापू म्हणाला, "मग बैलगाडीच जुपतो." आणि गेला. रागावला नाही, रुसला नाही. घटकाभरानं त्याच्या घरून नेहमीसारखं ताकाचं भांडंही आलं. ते भांडं हातात घेऊन मी त्या अंगणात उभी राहिले आणि मला रडू फुटलं, रागानं. एवढंच म्हणायचं होतं रे, दादा. एवढंच.