दुरुस्तीसर

‘काल मी तुम्हाला एक चुकीची गोष्ट सांगितली,’ या वाक्याशिवाय आमच्या सरांचा तास कधी सुरू झाला नाही. खुर्चीवर ते बसत नसत. टेबलाच्या कोपऱ्यावर एक हात टेकून उभे राहायचे, चष्म्याच्या वरून आमच्याकडे बघायचे आणि कबुली दिल्यासारखं हे म्हणायचे. ‘काल मी म्हणालो, राजा शिपाई घेऊन पार्लमेंटात शिरला तेव्हा घोड्यावर होता. तो पायी होता. घोडा माझ्या मनातला.’ आम्ही वह्या उघडून घोडा खोडायचो, मग पुढचा पाठ. टाइमटेबलावर त्यांचं नाव काहीही असलं, तरी बुऱ्हाणपूरच्या आमच्या त्या लहानशा कॉलेजात सगळे त्यांना दुरुस्तीसरच म्हणत.

हे काही वर्गापुरतं नव्हतं. एकदा परीक्षेच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या तासाला त्यांच्या तोंडून एक सन चुकीचा गेला. घरी गेल्यावर ते त्यांच्या लक्षात आलं, आणि पुढचा तास तर होणारच नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी सर सायकलवरून आमच्या बहादरपुरात हजर. मी केळीच्या बागेत पाटाचं पाणी फिरवत होतो. वडील धावत आले. “तुझे मास्तर येऊ राहिले. काय करून ठेवलं रे?” सरांनी बांधावर उभं राहून मला बरोबर सन सांगितला, माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला, लोटाभर पाणी प्यायले आणि सायकलला टांग मारली. त्यांना अजून सहा मुलांकडे जायचं होतं. वडील कितीतरी वेळ रस्त्याकडे बघत होते. “एवढ्यासाठी आले?” एवढंच म्हणाले.

सर इंग्लंडचा इतिहास शिकवायचे. बी.ए.ला शंभर मार्कांचा तो सक्तीचा पेपर होता. अठरा वर्षं त्यांनी तो शिकवला. कापूस आणि केळी पिकवणाऱ्यांची आम्ही मुलं. समुद्रसुद्धा पाहिलेला नाही, पण लंडनची नदी, तिच्यावरचा पूल, काठावरचा तुरुंग हे सगळं त्यांनी फळ्यावर काढून दाखवलेलं. तिकडच्या राजांची भांडणं आम्हाला गावकीच्या भांडणांइतकी ओळखीची झाली होती. सर स्वतः मुंबईच्या पलीकडे गेले नव्हते. एकदा कोणीतरी विचारलं, “सर, तुम्ही पाहिलं का इंग्लंड?” ते म्हणाले, “नाही. म्हणून तर रोज चुकतो.”

आणि त्यांच्याच पेपरात मी नापास झालो. बाकी सगळे विषय सुटले, यात सहा मार्क कमी पडले. पहिल्या दोन उत्तरांना मी इतका रंगून गेलो की शेवटच्या दोन उत्तरांना वेळच उरला नाही. निकालाच्या दिवशी सरांनी मला पाहिलं आणि विचारलं, “शेवटचे प्रश्न येत नव्हते का?” मी म्हणालो, “येत होते सर.” ते म्हणाले, “मग मी तुम्हाला घड्याळ शिकवायला हवं होतं.” त्या वर्षी देडतलाईच्या शाळेत मला मास्तरकी मिळाली, पण कच्ची. तीन वर्षांत बी.ए. पुरं करा, नाहीतर जागा सोडा, असं लिहून घेतलं होतं. पुढच्या परीक्षेच्या वेळी मलेरियाने अंथरुणाला खिळलो आणि दुसरं वर्षही गेलं.

तेवढ्यात राज्यंच बदलली. आमची राजधानी नागपूर होती ती भोपाळ झाली. जुना मराठी मुलूख तिकडे मुंबई राज्याकडे गेला, आम्ही इकडेच राहिलो. कॉलेज एका विद्यापीठातून दुसऱ्यात गेलं. ऑफिसात पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, पत्रं हिंदीत यायला लागली. जुने अभ्यासक्रम तपासून काय ठेवायचं आणि काय काढून टाकायचं, हे ठरवायला नव्या विद्यापीठानं समिती नेमली. इतिहासाचे जुने प्राध्यापक म्हणून त्यात आमचे सर होते. आम्हाला बरं वाटलं. आपला माणूस आत आहे म्हणजे आपला पेपर सुरक्षित आहे, असं आम्ही धरून चाललो.

बातमी आली ती उलटी. इंग्लंडचा पेपर बी.ए.मधून काढून टाकावा, त्या जागी आपल्या मुलखाचा इतिहास आणि नवी राज्यघटना शिकवावी, अशी सूचना समितीपुढे आली होती आणि ती मांडली होती दुरुस्तीसरांनीच. प्राध्यापकांच्या खोलीत मोठा गोंधळ झाला म्हणे. प्राचार्यांनी सरांना बोलावून विचारलं, “तुमची नेमणूकच या पेपरावर आहे. पेपर गेला तर तुम्हाला कुठं ठेवू?” भारताचा इतिहास शिकवायला दुसरे प्राध्यापक होतेच, नव्या पेपरासाठी आणखी माणूस लागणार नव्हता. सर म्हणाले, “अठरा वर्षं मी या मुलांना तिकडचे राजे पाठ करायला लावले. तापीच्या काठावरचा आपला किल्ला कोणी बांधला ते वर्गात विचारलं, तर एकालाही सांगता आलं नाही. चूक माझी आहे. मग ती तशीच चालू ठेवू का?”

बुऱ्हाणपुरातल्या लालबागेत त्यांच्या घरी मी गेलो होतो त्याच आठवड्यात. सर बाहेर गेलेले. दोन खोल्यांचं घर, दोन्ही मुलं शाळेत. काकू ज्वारी निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “तू तरी समजाव रे त्यांना. दुसरीकडे कुठंच काही ठरलेलं नाही. मी विचारलं, पुढं काय? तर म्हणतात, बघू.” मी काहीच समजावलं नाही. सरांची वाट न बघता परत निघालो. मला माझीच काळजी खात होती. पेपर रद्द म्हणजे त्याची परीक्षाही रद्द. आम्ही त्यात अडकलेले एकवीस जण होतो. आम्हाला नव्या अभ्यासक्रमानं सगळं बी.ए. पहिल्यापासून करावं लागणार होतं. माझ्या हातात एकच वर्ष होतं.

ठाकूर माझ्या वर्गातला. तोही याच पेपरात अडकलेला आणि लालबागच्या गिरणीत कारकून. त्याचीही बढती डिग्रीवर अडली होती. शनिवारी मी देडतलाईहून आलो तसा तो मला घेऊन चहाच्या हॉटेलात बसला. “अर्ज करू, महाजन. सीधा रजिस्ट्रारला. तुझी भाषा चांगली, अक्षर चांगलं. तू लिही, दस्तखत सगळ्यांचे मी आणतो.” मी लिहायला बसलो. पहिल्या कलमात लिहिलं की हा पेपर घाईनं काढला जात आहे. दुसऱ्यात तो केव्हापासून शिकवला जातो ते. तिसऱ्यात मागणी होती, की ज्यांनी जुन्या नियमांप्रमाणे प्रवेश घेतला त्यांना त्याच पेपराच्या आणखी दोन परीक्षा द्याव्यात. मी लेखणी खाली ठेवली.

“अजून एक,” ठाकूर म्हणाला. “लिही, की या प्राध्यापकाला नव्या विद्यापीठात मोठ्या जागेचं आश्वासन मिळालं आहे, म्हणून त्यांनी ही सूचना मांडली.”

“हे कोणी सांगितलं तुला?”

“सांगायला कशाला पाहिजे? माणूस फुकट आपल्या पोटावर पाय देतो का? अरे, तिखट नसेल तर अर्ज कोणी वाचत नाही. लिही ना भाऊ.”

काकूंची ज्वारी माझ्या डोळ्यांसमोर होती. हे खोटं आहे, हे त्या हॉटेलात एकट्या मला ठाऊक होतं. मी लिहिलं. सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि खाली पहिली सही माझीच केली.

अर्जाची एक प्रत प्राचार्यांकडे गेली आणि त्यांनी ती सरांच्या हातात दिली. पुढच्या रविवारी सरांचा निरोप आला, महाजनला पाठवा. बहादरपूरहून लालबागेपर्यंत मी सायकल हातात धरून चालत गेलो. रस्ता संपू नये असं वाटत होतं. काकूंनी दार उघडलं आणि लगेच आत निघून गेल्या. सर टेबलाशी बसले होते. समोर माझा अर्ज, हातात लाल पेन्सिल.

“बस. अक्षर मी ओळखलं. पहिलं कलम ठीक आहे, मला पटत नाही ती गोष्ट वेगळी. दुसऱ्यात सन चुकलाय. पेपर त्याच्या तीन वर्षं आधी सुरू झाला.” त्यांनी पेन्सिल तिसऱ्या कलमावर नेली. “हे मात्र मला सुचायला हवं होतं. पेपर काढायचं माझ्या डोक्यात आलं, पण त्यात अडकलेल्या तुमचं काय, याचा विचार मी केला नाही. ही माझी चूक झाली. बुधवारी बैठक आहे. तिथं मी हे मांडतो.”

मी टेबलाकडे बघत होतो. पहिल्या तिन्ही कलमांवर लाल खुणा होत्या. चौथं कलम कोरं होतं. त्याच्यावर रेघ नव्हती, प्रश्नचिन्ह नव्हतं, काही नव्हतं. सर त्याच्याबद्दल बोलतील म्हणून मी थांबलो. कदाचित मी बोलेन म्हणून तेही थांबले असतील. आतल्या खोलीत भांड्याचा आवाज झाला. सर म्हणाले, “दुसरी प्रत काढ. सन तेवढा नीट कर.” मी अर्ज उचलला आणि बाहेर पडलो. दुसऱ्या प्रतीत मी सन बदलला. चौथं कलम गाळता आलं असतं. पण एकवीस सह्या पुन्हा घ्याव्या लागल्या असत्या आणि ठाकूरला कारण सांगावं लागलं असतं. मी तो कागद पाठवलाच नाही. जुनाच अर्ज पुढं गेला.

बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी मी शाळेतून रजा काढून कॉलेजात येऊन बसलो. हेडक्लार्क दुबेजी कागदपत्रं घेऊन सरांबरोबर बैठकीला गेले होते. ते त्या दुपारी परतले. त्यांनी मला व्हरांड्यात नेलं.

“तुमचं काम झालं. पेपर काढला, पण जुन्या मुलांना दोन परीक्षा मंजूर.” मी हात जोडले. दुबेजींनी माझे हात खाली केले. “मला नको हात जोडू. तुमचा अर्ज तिथं मोठ्यानं वाचला गेला, बेटा. चारही कलमं. चौथं वाचलं तेव्हा कोणीतरी हसलं. चेअरमननं विचारलं, प्रोफेसरसाहेब, यावर काय म्हणता? तर ते उभे राहिले. म्हणाले, चौथ्या कलमावर मला काही सांगायचं नाही. मी तिसऱ्यावर बोलणार आहे. आणि अर्धा तास तुमच्यासाठी भांडले. येताना गाडीत पूर्ण रस्ता खिडकीच्या बाहेर बघत होते.”

त्यानंतर वर्षभर सरांनी आम्हा एकवीस जणांना दर रविवारी शिकवलं. कॉलेजच्या पगारात ते बसत नव्हतं. पेपर तर कागदोपत्री मेलेलाच होता, पण ते तितक्याच मन लावून शिकवत. घड्याळ समोर ठेवून आमच्याकडून उत्तरं लिहून घेत आणि वेळ संपली की वही काढून घेत. माझ्याशी ते कमी बोलले नाहीत, जास्तही बोलले नाहीत. तेच मला सहन व्हायचं नाही. रागावले असते तर मी त्यांचे पाय धरले असते. दर रविवारी मी ठरवून जायचो की आज सांगायचं, आणि तास संपला की ठाकूरच्या बरोबरीनं जिना उतरायचो.

मी पास झालो. माझी नोकरी पक्की झाली, ठाकूरला बढती मिळाली. ते वर्ष संपलं तशी सरांची जागा बंद झाली. खांडव्याला एका माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी त्यांना मिळाली, पगार निम्म्याच्या आसपास. स्टेशनवर आम्ही पाच-सहा जण पोचवायला गेलो. गाडी हलली तेव्हा त्यांनी सगळ्यांना हात केला, त्यात मलाही.

पुढं बारा-तेरा वर्षं मी पत्र लिहिलं नाही. मग एकदा परीक्षेच्या कामासाठी खांडव्याला जाणं झालं. चौकशी करत त्यांच्या घरी गेलो. सर कॉटवर उशीला टेकून बसले होते, खूप वाळले होते, श्वास लागत होता. काकूंनी मला ओळखलं. या खेपेला त्या आत गेल्या नाहीत, दाराशी उभ्या राहिल्या. सरांनी मी काय शिकवतो ते विचारलं, देडतलाईची शाळा आता केवढी झाली ते विचारलं. मग चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं.

“महाजन, एक विचारू? खरं सांग.”

“विचारा सर.”

“ते चौथं कलम लिहिलंस, तेव्हा ते खोटं आहे हे तुला ठाऊक होतं?”

काकू बघत होत्या. खोटं बोलण्याची शेवटची संधी होती आणि ते सोपंही होतं. ठाकूरनं सांगितलं, मला वाटलं खरंच असेल, असं म्हणता आलं असतं.

“हो सर. ठाऊक होतं.”

सरांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता ते मला जा म्हणतील. पण त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला.

“मग बरं झालं,” ते म्हणाले. “इतकी वर्षं मला वाटत होतं, तुम्हा पोरांना मी खरोखर तसाच दिसत असेन.”

मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी काकूंकडे वळून माझ्यासाठी चहा टाकायला सांगितलं.