चांगल्या डोळ्यावरची पट्टी

अन्याय झाला तो एका सहा वर्षांच्या मुलीवर. गेल्या साली, भाऊबीज होऊन तिसऱ्या दिवशी, सकाळी, शिरूर कासारच्या बाहेर. ऊसतोडीला निघालेला ट्रक रस्त्याच्या कडेला उभा होता आणि मुकादमाच्या हातात नारळ होता. तो नारळ फुटायच्या आधी तिच्या उजव्या डोळ्यावरची पट्टी ओढून काढली गेली. मी तिथे उभी होते, त्यामुळे ऐकीव काही लिहीत नाही.

पट्टी तिच्या चांगल्या डोळ्यावर होती. चांगला डोळा झाकून वाईट उघडा ठेवायचा, हे कुणालाच पटकन पटत नाही. मलाही पटलं नव्हतं. म्हणून आधी आप्पांविषयी सांगते.

बीडला बसस्टँडपासून जवळच आप्पांचं चष्म्याचं दुकान आहे. कपाळावर भस्माचे पट्टे, नाकावर सोनेरी फ्रेम आणि बोलण्यात कायम तक्रार. जन्म डोळे तपासण्यात गेलेला. कुणी डॉक्टर म्हटलं की भडकतात. "मी ऑप्टोमेट्रिस्ट. डोळा कापत नाही, मोजतो." स्वतःच्या कामाचा त्यांना भारी गर्व आहे आणि तो ते लपवत नाहीत. स्टँडवर टोपलीत तयार नंबरचे चष्मे घेऊन फिरणाऱ्या पोरांना ते रोज शिव्या घालतात. पोरंही त्यांच्याच दुकानासमोर मुद्दाम ओरडतात, "घ्या चष्मा, तपासायची कटकट न्हाई!"

आमचं कार्यकर्त्यांचं मंडळ पत्रकं काढणारं. मी लिहायला शिकले ती पत्रकांतच. डोळ्यांवर एक पत्रक काढायचं ठरलं तेव्हा मी मथळा दिला, 'दृष्टी हा हक्क आहे, भीक नव्हे', आणि खाली सरकारवर दीड पान. आप्पांना दाखवलं, तर त्यांनी वाचून विचारलं, "यात डोळ्यात काय घालायचं नाही, ते कुठंय?" मग त्यांनीच सांगितलं आणि मी फणकाऱ्यात उतरवून घेतलं. लेकराच्या डोळ्यात काजळ नको, मध नको, एरंडेल नको, बाळंतिणीचं दूध नको. डोळे आले तर टॉवेल वेगळा ठेवा, हात धुवा, आणि मेडिकलवरून आपल्या मनाने थेंब आणू नका. काही थेंबांनी लाली जाते आणि आतून डोळाही जातो. उसाचं पान डोळ्याला लागलं तर चोळू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. चाळिशीनंतर पेपर लांब धरावा लागतो यात लाज कसली, पण चष्मा मोजून घ्या, टोपलीतला नको. आणि पोरांचे डोळे एकेक झाकून बघा. हे शेवटचं त्यांनी दोनदा लिहायला लावलं. "दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाइटाची चोरी झाकतो. आईला कळत नाही, मास्तरला कळत नाही, पोरालासुद्धा कळत नाही."

हे किती खरं आहे ते शिरूरजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत मी बघितलं. आप्पांना मीच ओढून नेलं होतं. त्यांनी भिंतीला तक्ता टांगला. अक्षरं न येणाऱ्यांसाठी त्यावर तीन पायांचं एकच चिन्ह असतं, कधी वर तोंड केलेलं, कधी खाली, कधी आडवं. पोरांनी तीन बोटं करून पाय कुठे आहेत ते दाखवायचं. या मुलीचा डावा डोळा झाकला तर तिने सगळ्यात बारीक ओळ फडाफडा दाखवली. उजवा झाकला तर ती चिडली. मान वाकडी करून आप्पांच्या हाताखालून बघायला लागली, मग हातच ढकलला. मास्तर म्हणाले, पोरगी हट्टी आहे. आप्पांनी पुन्हा झाकला, ती रडकुंडीला आली. "हट्टी नाही," आप्पा म्हणाले, "मी तिचा दिवा विझवतोय." उघड्या डाव्या डोळ्याने तिला तक्त्यावरचं सगळ्यात मोठं चिन्हसुद्धा धड दिसत नव्हतं.

बीडला सरकारी दवाखान्यात डोळ्याच्या डॉक्टरांनी थेंब घालून आतून तपासलं. पडदा ठीक, बाकी काही दोष नाही. त्या डोळ्याचा नंबर जन्मापासून मोठा, त्यामुळे मेंदूने त्याच्याकडे बघणंच सोडलेलं. चष्मा लावा आणि चांगला डोळा रोज झाकून ठेवा, म्हणजे आळशी डोळा कामाला लागेल. दर महिन्याला तपासून घ्या, नाहीतर झाकलेलाही मागे पडायचा.

तिच्या आईला हे आप्पांनी शेतातलं उदाहरण देऊन सांगितलं. दोन बैलांतला एकच ओढत असेल तर दुसरा अंग चोरतो. ओढणाऱ्याला थोडे दिवस सोडा, दुसरा शिकतो. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चांगला बैल सोडून गळाठलेल्यावर पेरणी कोण करतंय, आप्पा?" मला हसू आलं. पण बाईने पट्टी मात्र लावली.

चिकटणारी तयार पट्टी बीडमध्ये मिळाली नाही. हे मला अजून सहन होत नाही. सरकारने बाजार मोकळा केला म्हणतात. आप्पांच्या दुकानासमोर एसटीडीचा पिवळा बूथ उभा राहिला, घरोघर केबल आली, स्टँडवर परदेशी म्हणून गॉगल विकले जायला लागले. सहा वर्षांच्या पोरीच्या डोळ्यावर लावायला एक पट्टी नाही. शेवटी कापसाची घडी, वर गॉज आणि त्यावर चिकटपट्टी, असं आप्पांनीच जुळवलं; चष्माही त्यांच्याच दुकानातला.

पोरं तिला 'काणी' म्हणायला लागली. ती दगड मारायची. नेम चुकायचा, मग तिला जास्तच राग यायचा. तरी महिन्यांमागून महिने पट्टी राहिली आणि डावा डोळा तक्त्यावर खाली उतरला. एक ओळ, मग अजून एक. त्या दिवशी आप्पांनी गिऱ्हाईक ताटकळत ठेवून मला तिची तीन बोटं पुन्हा पुन्हा दाखवली. मग चेहरा पाडून म्हणाले, "सात-आठ वर्षांपर्यंत हा डोळा ऐकतो. पुढं नाही ऐकत. मग कितीही भारी काच लाव. मधे खंड पडला तर कमावलेलं जातं. हिची माणसं दिवाळीनंतर इथं राहतात का?"

राहत नाहीत. मला माहीत होतं, तालुक्याला माहीत आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची आगाऊ उचल घेतलेली, दिवाळी झाली की कारखान्याच्या फडावर, परत यायचं ते उन्हाळ्यात. तिथे कसला तक्ता आणि कसली महिन्याची तपासणी.

मग मी घर शोधायला लागले. एकाच मुलीला, एकाच हंगामापुरतं ठेवून घेणारं घर. दसऱ्यापासून मी धड जेवले नाही म्हटलं तरी चालेल. एसटीने शिरूर, एसटीने बीड, पुन्हा शिरूर. मास्तरांकडे गेले, त्यांनी सहानुभूती दाखवली आणि बदलीचा अर्ज दिलाय म्हणाले. वसतिगृहात गेले, तिथे इतकी लहान मुलगी घेत नाहीत. आमच्या मंडळाच्या बैठकीत विषय मांडला. एक भाऊ म्हणाले, प्रश्न व्यवस्थेचा आहे, एका मुलीने काय सुटणार? मी म्हटलं, एका मुलीचा सुटेल. त्यावर चहा आला.

मी स्वतः कामकरी मुलींच्या वसतिगृहात राहते. तिथे पाहुणीसुद्धा रात्रभर ठेवता येत नाही. घरी विचारलं. आई हो म्हणण्याच्या बेतात होती. वडिलांनी एवढंच विचारलं, पोर कुणाची? मी सांगितलं. त्यानंतर त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. उठून बातम्या लावल्या.

आप्पांनी ठेवली असती. पण त्यांच्या घरात अंथरुणाला खिळलेली बायको आणि तेच एकटे करणारे. त्यांनी मला रागावून सांगितलं, "मी काय काय करू?" आणि दुसऱ्या दिवशी कापूस, गॉज, चिकटपट्टीचं गाठोडं आईच्या हातात दिलं. निदान फडावर तरी लाव. आई म्हणाली, लावीन. ती खोटं बोलत नव्हती.

निघायच्या सकाळी ट्रक भरला होता. बोचकी, चुली, कोंबड्या, तिच्या तान्ह्या भावाच्या पाळण्यासाठी साडी, म्हाताऱ्या. पोरं खोबऱ्याच्या आशेने टायरासमोर जमली. तीही जमली, उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी लावून. मुकादमाने नारळ न फोडताच हात खाली घेतला. त्याने मला बघितलं, मग तिच्या आईला.

"ते काढा आधी."

मी पुढे झाले. हा उपचार आहे, अपशकुन मानणं ही अंधश्रद्धा आहे, कायदा काय म्हणतो, सगळं बोलले. पत्रकात जसं लिहिते तसंच बोलले. मुकादम उखडला नाही. हळू आवाजात म्हणाला, "ताई, तुमचं खरं आसंल. पण आधीच्या साली आमची गाडी पलटी झाली. माझा चुलतभाऊ गेलता त्यात. काण्या डोळ्याचं तोंड बघून मी गाडी काढणार न्हाई. मागं माणसं बसल्यात माझी."

"ती काणी नाही. तिचा डोळा चांगला आहे, झाकलाय नुसता."

"मग झाकायचा कावून?" ड्रायव्हर वरून म्हणाला. माणसं हसली. "आन् ताईला लईच वाटतंय तर ताईनं ठिऊन घ्यावी की घरी."

सगळ्या सकाळीत तो एकटाच बरोबर बोलला होता.

आईने पट्टी ओढली. भुवईचे केस निघाले असावेत, कारण पोरगी कळवळली. मग दोन्ही डोळ्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि हसली. नारळ फुटला, तिला खोबरं मिळालं, बापाने तिला वर घेतलं. ट्रक गेला. ती हात हलवत होती. मला तिचा आनंद बघवत नव्हता.

उन्हाळ्यात ते परत आले. मी विचारायच्या आधीच आईने सांगितलं. "लावली व्हती, ताई. चार रोज. मग तान्ह्याला कडंवर घिऊन चालली अन् पाचटात पडली. बाळाला लागलं. मी दिसभर फडात, त्याला कोण बघणार? तिला बघाया डोळा पायजे का न्हाई?" बोलण्यासारखं तिने काही ठेवलं नव्हतं.

आप्पांनी तक्ता लावला. उजवा झाकला तेव्हा ती पुन्हा चिडली, हाताखालून बघायला लागली. कमावलेल्या ओळी गेल्या होत्या. आप्पांनी तक्ता गुंडाळला आणि स्वतःच्याच चष्म्याची काच पुसली. मग म्हणाले, "पुन्हा सुरू करू. सातवं चालू आहे. हा हंगाम आपल्या हातात आहे. पुढचा मी धरत नाही."

पट्टी पुन्हा लागली आहे. आता एक ओळ परत आली आहे. आणि मुकादमाची माणसं उचल वाटत वस्तीवर फिरून गेली आहेत.

मी मुकादमाला दोष देत नाही, आईला तर मुळीच नाही. ज्यांच्या घरात माळ्यावर जास्तीची गादी गुंडाळून ठेवलेली आहे आणि जे हे वाचून हळहळतात, त्यांना मी दोष देते. हळहळीने डोळा सुधारत नाही. त्याला रोज सकाळी पट्टी लावणारा हात लागतो, शाळेत सोडणारं कुणीतरी लागतं आणि महिन्यातून एकदा आप्पांच्या दुकानापर्यंत आणणारं माणूस लागतं. पोरगी हट्टी आहे, दगड मारते, भाकरी दोन खाते. आईला मी विचारलं आहे. चांगलं घर असेल तर ठेवीन म्हणाली. तान्ह्याचं बघायला या साली तिची नणंद सोबत जाणार आहे.

तुम्ही बीडमध्ये राहता, शिरूरला राहता, तुमच्या घरात एक माणूस दिवसा घरी असतं. दिवाळी ते उन्हाळा तिला ठेवून घ्या. कोणाची पोर, हे विचारू नका. हो की नाही, एवढंच सांगा, आणि दसऱ्याच्या आत सांगा.