जुनं मशीन जाण्याआधी

प्रेमिला गजभिये तशी कोणाला भिणारी नव्हती. खापरखेड्याच्या कॉलनीतून नागपूरला येताना बसच्या कंडक्टरशी रोज भांडणारी मुलगी ती. पण सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात एका आकड्याने तिची पाचावर धारण बसवली.

नागपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ती हंगामी प्रोग्रामर होती. विभागप्रमुख मधुकररावांनी निव्वळ फंक्शन्सवर चालणारी एक छोटी भाषा रचली होती. त्या भाषेतले प्रोग्राम नव्या मशीनच्या हुकमांत उतरवायचे, हा कंपायलरचा शेवटचा भाग प्रेमिलाच्या गळ्यात पडला. सात महिने खपून एकदा ती "झालं, सर," म्हणून बसली. साहेबांना तेवढंच हवं होतं. त्यांनी तिला कायम करायची शिफारस केली आणि ही भाषा आजवर ज्यावर चालायची ते जुनं मशीन सोमवारी भंगारात काढायचं ठरवलं.

शनिवारी तिने सहज एक लांबलचक प्रोग्राम दोन्ही मशीनवर चालवला. उत्तरं जुळेनात. नवं मशीन अडलं नाही की कुरकुरलं नाही, चुकीचा आकडा छापून मोकळं झालं. नको असलेली मेमरी झाडून काढता काढता तिचा कंपायलर कधीमधी हवा असलेला आकडाही झाडून टाकत होता. नेमकं कधी, ते सापडेना. गप्प बसलं तर कोणाला कळणार नव्हतं. ताडून बघायला जुनं मशीनच उरणार नव्हतं. बोललं तर नोकरी गेलीच.

रविवारी घरी तिला घास उतरेना. वडील लहानूजी वीजकेंद्रात बॉयलरवर. पाळी सुटताना बिघाड पुढच्या माणसाला तोंडी सांगायचा आणि तो 'समजलं' म्हणेपर्यंत जागा सोडायची नाही, ही त्यांच्याकडची रीत. तिने सगळं सांगितलं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"मलेबी भेव लागते वं," ते म्हणाले. "पंचवीस वर्सं झाले, रोज लागते. पण चार्ज देतानी लपवलं, त मरते पुढचा माणूस."

सोमवारी हमाल दोर घेऊन आले, तेव्हा ती मशीनच्या खोलीच्या दारात उभी होती. मधुकरराव येताच तिने सांगून टाकलं की नवं मशीन खोटी उत्तरं देतं, काम झालेलं नाही, मी झालं म्हणाले ही माझी चूक.

साहेबांचा चेहरा उतरला. ते पाठ फिरवून निघाले. प्रेमिलाला रडू फुटायच्या बेतात होतं, तरी ती दारातून हलली नाही.

"समजलं म्हणा, सर," ती म्हणाली. "तुम्ही म्हटल्याशिवाय मला इथून जाता येत नाही."