गार गावातला उन्हाचा धंदा

लग्नाला महिना होतो न होतो तोच नवऱ्याने नोकरी सोडली आणि छताखाली लावायची चंदेरी फॉइल विकायला घेतली. तेव्हापासून आमच्याकडे पैशांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. या गार कानडी शहरात, जे. पी. नगरातल्या गच्चीवरच्या आमच्या पत्र्याच्या खोलीत नितीन आणि त्याचे बेळगावचे पार्टनर मारुतीअण्णा चहाला टेकतात, मी नुसती ऐकते.

बसवनगुडीच्या एका अक्कांना सगळं पटलं. पत्र्याची उष्णता खाली उतरत नाही, पंखा कमी फिरतो, बिल उतरतं. शेवटी म्हणाल्या, "पण एवढी चकचकीत वस्तू आतून कशाला? वरून लावा की, शेजारच्यांना दिसेल!"

अण्णांचा डेमो म्हणजे अंगावर काटा! तापलेली इस्त्री गालाजवळ धरायची, मध्ये फक्त फॉइल. गाल शाबूत. एक दुकानदार डोळे विस्फारून बघत राहिला. "सरी सरी, पटलं. पण इस्त्री कुठून घेतली?"

आनेकलच्या एका शेडमालकाने फॉइल थेट पत्र्याला चिकटवून टाकली. नितीन शिडीवरूनच कळवळला, "साहेब, मध्ये हवेची फट हवी, नाहीतर उपयोग शून्य!"

"म्हणजे अर्धं काम हवाच करणार? मग बिलही अर्धंच लावा!"

एप्रिलात नागपूरहून सासूबाई आल्या, त्या मुलाला परत न्यायलाच. त्याच्या नागपूरच्या जुन्या साहेबांशी त्यांनी बोलून ठेवलं होतं. साहेबांना फक्त रुजू व्हायची तारीख कळवायची होती.

"हे ऊन होय का, बाप्पा? एवढ्याशा उन्हात आमचे पापडही वाळत नाहीत. अन् तू इथं गारवा विकून राहिला?"

अण्णांनी चहा अर्धा ठेवला. मला वाटलं, संपलं.

आमच्या खोलीत फॉइल निम्म्याच छताला होती, गिऱ्हाइकांकडे उरलेले तुकडे तेवढेच पुरले होते. सासूबाईंनी दुपारी चटई मुद्दाम उघड्या पत्र्याखाली टाकली. "मला नको तुमची चांदी!"

चहाला उठवायला गेले, तर चटई फॉइलखाली सरकलेली. दुसऱ्या दिवशी ती आधीच तिथे अंथरलेली होती, आणि पंखा एकवर.

संध्याकाळी म्हणाल्या, "चल गं, नागपूरला फोन लावायचाय."

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये मी त्यांच्या शेजारी उभी. आता साहेबांना तारीख जाणार! पलीकडे मामंजींनी फोन उचलला. सासूबाई ओरडल्या,

"अहो, ऐकून राहिले ना? आपल्या कूलरला गिऱ्हाईक पाहा!"