सासूबाई आणि न दुखणारी पट्टी

आमच्या विद्यापीठातलं संशोधन कंपन्यांना वापरायला देण्याचे करार एक बाई बघतात. लग्नाच्या भानगडीत त्या कधी पडल्या नाहीत, तरी अख्खं विद्यापीठ त्यांना सासूबाई म्हणतं. कारण तुम्ही काहीही करून न्या, त्या खोट काढणारच. हे नाव त्यांच्या कानावर आहे, आणि माझा अंदाज असा की ते त्यांना आवडतं.

माझं काम जखमेवर लावायच्या चिकटपट्टीचं. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा पट्टी काढताना त्यांची कातडी सोलून निघायची. ते ओरडायचे नाहीत, नुसते माझ्याकडे बघायचे. ते बघणं मला सोसत नसे. म्हणून मी असा डिंक शोधला, की तो घट्ट बसतो पण निघताना कातडीला धरत नाही. उमेदीची वर्षं गेली त्यात. एका कंपनीनं विचारणा केली तेव्हा वाटलं, जिंकलो.

सासूबाईंनी माझी कृती वाचली आणि थेट प्रयोगशाळेत येऊन, एप्रन चढवून, स्वतःच करायला घेतली. बाई शिकल्यात कायदा. मी तोंड उघडलं की म्हणायच्या, "तुम्ही गप्प बसायचं." दुपारपर्यंत भांड्यात नुसता लगदा झाला.

"इथं लिहिलंय, थोडं कोमट झालं की ढवळा. थोडं म्हणजे किती?"

"ते हाताला कळतं."

"मग आपल्याला काय विकायचंय, डिंक की तुमचा हात?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. घरी बायकोला सांगितलं तर ती पोट धरून हसली. "भेटलं एकदाचं कोणीतरी तुम्हाला," म्हणाली.

सासूबाईंच्या वडिलांचं शिलाई मशीनचं दुकान होतं. गिऱ्हाइकानं स्वतः बसून कापड शिवून पाहिल्याशिवाय ते मशीन दुकानाबाहेर जाऊ देत नसत. लेक त्याच वळणावर गेली. त्यांनी मला पार पिळून काढलं. हाताला जे जे कळत होतं ते मापात आणि तापमानात उतरवून घेतलं. दर खेपेला कोणीतरी नवखा धरून आणायच्या आणि त्याच्याकडून डिंक करून घ्यायच्या. मी आपला हात मागे बांधून उभा.

मग कंपनीच्या कारखान्यात शेवटची चाचणी ठरली. त्यांच्या माणसांनी त्यांच्या यंत्रावर पट्टी बनवायची. जमली तर करार, नाहीतर माझा डिंक कायमचा कपाटात. सासूबाईंनी मला आत येऊच दिलं नाही, फाटकावर पहारेकऱ्याच्या बाकावर बसवलं. मी मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

संध्याकाळी त्या बाहेर आल्या. चेहऱ्यावर काही दिसेना. शेजारी बसून त्यांनी बाही वर केली. दंडावर पट्टी होती. त्यांची कातडीही आता वयानं पातळ झालेली.

"दुपारपासून लावलीय. काढा," म्हणाल्या, आणि लगेच सुरू झाल्या, "ती वाळवण्याची पायरी तुम्ही अजूनही मोघमच लिहिलीय, त्या लोकांनी मला तीनदा विचारलं, आणि मी काय सांगणार, मला..."

मी पट्टी ओढली. त्या बोलतच होत्या.

"अहो, काढताय ना?"

"काढली," मी म्हणालो.

त्यांनी दंडाकडे पाहिलं. नुसती कोरी कातडी, साधी लालीसुद्धा नाही.

"चौघांनी मिळून बनवली," त्या म्हणाल्या. "तुमचं नावसुद्धा ठाऊक नाही त्यांना."

पहारेकऱ्यादेखत मी ढसाढसा रडलो.