मसाल्याची लग्नपत्रिका

धाकट्या जावेच्या मसाल्याची वेबसाइट पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी पोट धरून हसले. पांढरं पान, त्यावर तिचाच फोटो. पनवेलच्या गच्चीवर मिरच्या पसरल्यात, ही मध्ये उकिडवी, केस विस्कटलेले. खाली भाव, फोन, पत्ता आणि एक ओळ : ‘घरी येऊन वास घ्या, मग ठरवा.’ बस्स. एवढ्या दरिद्री पानावर कोण भुलणार?

हसून झाल्यावर पोटात दुखायला लागलं. हिला मसाला शिकवला मी, आणि वेबसाइट आधी हिची?

तेव्हा मी चौसष्टची, म्हणजे अगदीच अल्लड. सून म्हणाली, “आई, मी करून देते. साधीच करू.” साधी! मी थेट आमच्या मुलांच्या लग्नपत्रिका छापणाऱ्याला गाठलं. तो हल्ली वेबसाइटीही करायचा. त्याला येत होतं तेच नेमकं मला आवडत होतं. मखमली पडदे उघडायचे, सनई वाजायची, झेंडूच्या पाकळ्या पडायच्या. वर गणपती. खाली घरातल्या बावीस जणांची मानाप्रमाणे नावं. शेवटी नातवंडांचं ‘आमच्या आजीच्या मसाल्याला यायचं हं!’ जावेचं नाव तेवढं मी गाळलं. मसाला कुठेतरी तळाशी, पाकळ्यांखाली.

लिंक सगळ्या ओळखीत पाठवली. डंकावरून कुटून आणलेला मसाला बरण्यांत भरून वाट बघत बसले. मिरचीचा हंगाम सरत आला, ऑर्डर एक नाही. शेवटी दारावर येणाऱ्या उरणच्या मासळीवालीला विचारलं.

“बाय, ती उघडतंय कोन? चोर लोक लग्नाची पत्रिका म्हनून पाठवतान, न् हात लावला का ब्यांक साफ. लेक बोलली, नको उघडू.”

“अगं, पण माझ्या फोनवरून आली होती ना!”

“आमाला वाटला, तुमचा फोनच चोरला कोनी.”

“मग मसाला कुठून घेतलास?”

“तुमच्या जावंकडून. फोटूत तिची नखा पन लाल हायेत. खोटा कशाला बोलंल ती?”

माझा तिळपापड झाला. त्याच दुपारी द्रोणागिरीला राहणाऱ्या माझ्या लेकीचा पत्ता आणि नातवाच्या नव्या फोनचा नंबर टाकून, खोट्या नावाने मी जावेकडे अर्धा किलो मागवला. मसाल्यात खोट काढायची होती. तासाभरात तिचाच फोन. ती प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतः फोन करते, हे मला काय ठाऊक!

“मसाला तिखट देऊ की मध्यम?”

मी आवाज बारीक केला. “मध्यम. आणि धणे करपवू नका.”

पलीकडून खुदकन हसू. मग, “नाय करपवत, जाऊबाई. तुमीच शिकवलंय ना.”

मी फोन बंद करायचं बटण शोधत होते, ती बोलतच होती.

“आणि तुमच्या साइटवर माझं नाव नाय टाकलंत, लई उपकार झाले. मलापन चोर समजले असते लोक.”

मसाला आला. चांगला होता, मेलीचं दगडफूल माझ्यापेक्षा ताजं होतं. मी सुनेला म्हटलं, ते पडदे काढून टाक आणि गच्चीवर चल, माझा फोटो काढ. नखं लाल करून बसले. केस मात्र आधी नीट विंचरले.

ऑर्डरी येतात आता. तिच्याइतक्या नाहीत. त्या केसांमुळेच असणार.